तीन पराती

पुतळ्यांचे डोळे उघडले त्या दिवसापासून क्वी मोईचे पाय गार पडायला लागले.

पहिले दोन दिवस तिनं मनावर घेतलं नाही. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, पाय गार पडणारच. पण पासिर हिताम गावच्या उकाड्यात, जिथं दुपारी कुत्रीसुद्धा गटाराकाठी ओल हुंगत पडतात, तिथं हिचे पाय गुडघ्यापर्यंत गार. बरोबर गुडघ्यापर्यंत, वर एक बोट नाही. कुणी मोजून पाण्यात उभी केल्यासारखी. सून युन चिन कामावरून आली की बाम चोळायची, मोजे चढवायची. डॉक्टरनं रक्त खेळतं राहण्याच्या गोळ्या दिल्या. त्या क्वी मोईनं मिरचीच्या कुंडीत पुरल्या. मिरचीला तरी उपयोग होऊ दे.

बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की बसावंसं. पुढच्या दारातून मागच्या दारी, मागच्या दारातून पुढं. अरवी उकडून गोळ्या वळायला घ्यायची आणि निम्म्यात तसंच टाकून अंगणात जायची. मुलगा आठवडाभर ट्रक घेऊन बंदराकडे, त्यामुळं हे सगळं युन चिनलाच बघावं लागे. आई, लादी झिजेल, ती म्हणाली. क्वी मोई म्हणाली, लादी माझ्या पोराच्या कमाईची आहे, तुझ्या काय पोटात दुखतं?

पुतळे होते बाजारासमोरच्या चौकात. नगरपालिकेनं गोल हौद बांधला, त्यात कारंजं सोडलं आणि गुडघाभर पाण्यात काशाच्या तीन बायका उभ्या केल्या. डोक्याला फडकं, वर बांबूची टोपी, हातात रुंद उथळ परात. खरी परात लाकडाची असते, तिला दुलांग म्हणतात. या गावाच्या तीन पिढ्यांच्या चुली त्या परातीवर पेटल्या. खाणीतून वाहून येणाऱ्या गढूळ पाण्यात उभं राहायचं, वाळू परातीत घ्यायची आणि गोल फिरवत राहायची. हलकं ते वाहून जातं, तळाशी कथलाची काळी वाळू उरते, चिमूटभर. पुरुषांकडं यंत्रं होती, युनियन होती, बोनस होता. बायांकडं परात. खाणी बंद पडून तीस वर्षं झाली, खड्ड्यांची तळी झाली, तळ्यांकाठी फरश्यांचा कारखाना उभा राहिला, आणि मग नगरपालिकेला कष्टकरी बाया आठवल्या.

शिल्पकार पेनांगहून आला होता. पोरगा बरा होता, पण हात मऊ, बाईच्या हातापेक्षा मऊ. त्याला चेहरे हवे होते. खाणकचेरीच्या जुन्या परवान्यांवर बायांचे फोटो असत, त्यातले तीन त्यानं निवडले. मधली क्वी मोई, बत्तीस वर्षांची. उजवीकडं फुंग यिन, लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक याप फूक चोय, त्याची आई. आणि डावीकडं, कमरेत वाकलेली, परात अर्धी पाण्यात बुडवलेली, ती न्युक फा. न्युक फा म्हणजे युन चिनची आई.

तिघींत जिवंत एकटी क्वी मोई. उद्घाटनाआधी महिनाभर ती बाजारात छाती काढून फिरली. मासळीवालीला म्हणाली, नाक जरा फुगवलंय, पण बाकी मीच आहे, तेव्हा भाव नीट लाव.

आणि मग उद्घाटनाच्या दिवशी फूक चोयनं घोळ घातला.

तो समितीचा अध्यक्ष. छातीला कागदी फूल, पोटाला घट्ट कोट. सिंहाचा नाच होता. नाचाआधी सिंहाच्या डोळ्यांना लाल ठिपका लावावा लागतो. तोवर सिंह म्हणजे नुसता कागद आणि लोकर. देवळातल्या मूर्तीचंही तसंच, डोळ्यांना शेंदूर लागला की आत कुणीतरी येऊन राहतं. म्हणून माणसाच्या पुतळ्याला, त्यातून मेलेल्या माणसाच्या, कुणी ब्रश लावत नाही. हे शाळेची पायरी न चढलेल्यालाही कळतं. फूक चोय कॉलेजात गेला होता. त्यानं सिंहाचे डोळे उघडले, टाळ्या पडल्या, फोटोवाला म्हणाला साहेब अजून एक, आणि ब्रशावर रंग उरला होता. फूक चोय पाटलोण वर करून हौदात उतरला आणि तीन बायांच्या सहा डोळ्यांना सहा ठिपके लावून मोकळा झाला. लोकांनी अजून टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या क्वी मोईनं बर्फाच्या सरबताचा घोट घेतला होता. तो गिळायच्या आत तिचे पाय गार झाले.

आठवड्याभरात हौदाच्या कठड्यावर संत्री दिसायला लागली. मग उदबत्त्या. मग चार आकड्यांच्या लॉटरीवाले. कुणीतरी बातमी पसरवली की मधली बाई अजून जिवंत आहे म्हणजे ती लवकर पावणार, मेलेल्यांसारखी वाट बघायला लावणार नाही. कोंबडीवाला तर घरीच आला. म्हणाला, आपो, अहो आजी, काल तुमच्या पुतळ्यानं मला चार-चार-एक-सात दिला आणि लागला नाही. क्वी मोईनं त्याला सांगितलं की पुतळ्यापेक्षा मला विचार, मी तुला तुझ्या सासऱ्याच्या घराचा नंबर देते, तिथं जाऊन राहा, कोंबड्यांना तरी सुख लागेल.

पण तोंड चाललं म्हणून जीव थाऱ्यावर येत नाही.

तिला सगळ्यात जास्त टोचायचं ते युन चिनचं वागणं. युन चिन सत्तेचाळीस वर्षांची. आई गेली तेव्हा ती आठ महिन्यांची होती. आईचा चेहरा तिनं पाहिला होता तो परवान्यावरच्या फोटोत, अंगठ्याच्या नखाएवढा, एका कोपऱ्याला वाळवी लागलेला. आता फरश्यांच्या कारखान्यात पॅकिंगची पाळी संपली की ती थेट चौकात जायची. पुतळ्यावरची पाखरांची घाण ओल्या फडक्यानं पुसायची. दोन संत्री ठेवायची. दिवसभराचं काय ते सांगायची. घरी यायची ती वीस वर्षं उतरल्यासारखी. एकदा म्हणाली, आई, माझी हनुवटी अगदी तिच्यासारखी आहे, तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

क्वी मोईनं अरवीची कणीक इतक्या जोरात दाबली की पोळपाट घसरला.

काय सांगायचं होतं?

त्यांच्या टोळीत सात जणी होत्या आणि टोळीचा एक नेम होता. वयानं मोठी असेल तिनं पाण्याच्या रंगावर नजर ठेवायची. खाण वरच्या अंगाला होती. तिथं काय चाललंय ते खाली दिसत नसे, पण पाणी सांगायचं. कोऱ्या चहासारखं पाणी असलं की काम चालू द्यायचं. तेच दूध घातलेल्या कॉफीसारखं व्हायला लागलं की समजायचं, वरचा बांध भिजलाय, गाळ सुटलाय. मग मोठीनं परात उलटी करायची आणि मुठीनं तीनदा वाजवायची. बाकीच्यांनी आपापली परात एकेकदा वाजवून होकार द्यायचा. मोठीनं होकार मोजायचे, सहा पुरे झाले की सगळ्या वर. मोठी सगळ्यांत शेवटी. ती वाजवेपर्यंत कुणी पाय काढायचा नाही, कारण एकीनं पाय काढला की सगळ्याच पळतात आणि कामाचा दिवस फुकट जातो. देवाला नमस्कार कुणी विसरली असेल, हा नेम कुणी विसरली नाही.

त्या दिवशी मोठी होती क्वी मोई. दुपार कलली होती. तिच्या पायाखाली काळ्या वाळूची शीर लागली होती, जाड, जशी चार वर्षांत लागली नव्हती. पाण्याचा रंग बदलला. तिनं पाहिलं. नीट पाहिलं. आणि मनाशी म्हणाली, एक परात अजून.

मग अजून एक. मग अजून एक.

बांध फुटला तेव्हा तिनं परात वाजवली. वाजवत राहिली. पाच होकार आले. सहावा आला नाही. न्युक फा सगळ्यात वरच्या अंगाला, बांधाजवळ, वाकून उभी होती.

गावानं म्हटलं, बांध अचानक फुटला. खाणवाल्यांनी म्हटलं, अचानक फुटला. क्वी मोईनं ते खोडलं नाही. तिनं न्युक फाची पोर घरी आणली, स्वतःच्या पोराच्या शेजारी वाढवली आणि पुढं दोघांचं लग्न लावून दिलं. लग्नात आपल्या मनगटातली हिरवी जेडची बांगडी काढून तिच्या हातात चढवली. लोक म्हणाले, काय मोठं मन. क्वी मोईनं तेही खोडलं नाही. ती परत कधी पाण्यात उतरली नाही. पावसात अंगणात पाणी साचलं तरी पाट टाकून जायची.

आणि आता फूक चोयनं न्युक फाला परत पाण्यात उभी केली होती. वाकलेली. डोळे उघडे. मोठी कधी परात वाजवते याची वाट बघत.

क्वी मोई देवळात गेली. पुजाऱ्याला विचारलं की समजा एखाद्याच्या ओळखीच्यांकडं चुकून मूर्तीचे डोळे उघडले गेले, तर ते मिटता येतात का. पुजारी म्हणाला, कुणाकडं? ती म्हणाली, तुला काय करायचंय. पुजारी हसला, सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणाला, आपो, उघडलेले डोळे मिटत नाहीत. आतल्याला मान देऊन बाहेर बोलवावं लागतं. मी ढोल घेऊन येईन, सात कागदी घोडे जाळू, फक्त नगरपालिकेची परवानगी काढा.

ती उठली. परत येताना वाटभर तिचे ओठ हलत होते. ढोल. कागदी घोडे. इतकी वर्षं पाण्यात उभ्या राहिलो तेव्हा कोणता देव ढोल घेऊन आला होता? पाण्यातून वर काढायची ती परातच काढायची.

तिची परात तिच्याकडं नव्हती. समितीनं मागून नेली होती आणि ज्ञातीच्या सभागृहात काचेच्या कपाटात टांगली होती, खाली तीन भाषांतली चिठ्ठी लावून. क्वी मोईला तिन्ही वाचता येत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिथं गेली. फूक चोय पंख्याखाली बसून पेपर वाचत होता.

मावशी, मावशी करत तो उठला, कॉफी मागवली. तिनं परात मागितली. तो म्हणाला की ती आता संस्थेची मालमत्ता आहे, ठराव करावा लागेल, पुढच्या महिन्यात बैठक आहे. क्वी मोई म्हणाली की तू बैठक घे, मी काच फोडते. तो हसला. मग तिच्या हातातली छत्री पाहून हसायचा थांबला.

"कशाला हवीय ती, मावशी?"

"तुला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हा तुला काठावर टोपलीत ठेवून तुझी आई माझ्या उजव्या हाताला उभी असायची. ती म्हातारपणी घरच्या बिछान्यात गेली, कोरड्या चादरीवर. तू तिला परत पाण्यात उभी केलीस."

"मावशी, मी काय मुद्दाम..."

"पाय दुखायचे तिचे. आठवतंय का काही?"

फूक चोयनं पेपरची घडी घातली. पंखा फिरत होता. तो खाली बघत म्हणाला, "मी आता चौकातून जात नाही. मागच्या रस्त्यानं जातो दुकानात. बायको विचारते का, तर सांगतो की सिग्नल लांबलाय."

त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. दोन किल्ल्या लागल्या नाहीत, तिसरी लागली.

परात हलकी वाटली. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड. क्वी मोईनं ती काखेत मारली आणि कुणाची वाट न बघता चालायला लागली. फूक चोय मागून गाडी घेऊन आला, मावशी बसा म्हणाला, ती बसली नाही. मग तो गाडी तिथंच सोडून मागं चालायला लागला. अर्ध्या वाटेत त्यानं कोट काढून हातावर टाकला.

चौकात पोचायला तीन वाजले. फरश्यांच्या कारखान्याचा भोंगा झाला. क्वी मोईला वाटलं होतं की युन चिन यायच्या आत उरकेल. म्हातारीला रस्ता लांब लागतो. तिनं चपला काढून एक पाय कठड्यावर टाकला तोच मागून दंडाला धरलं. युन चिन. कारखान्याचा निळा गणवेश, केसांवर फरश्यांची पांढरी धूळ, हातात पिशवीतली दोन संत्री.

"आई, हे काय चालवलंय?"

क्वी मोईनं सांगितलं की तिला वर काढायचंय, तिघींनाही. परात वाजवायची की झालं. युन चिननं दंड सोडला नाही.

"नको," ती म्हणाली. "मला आत्ता कुठं मिळालीय ती. तीन महिने झाले. तुम्ही तिच्याबरोबर सहा वर्षं काम केलंत, मला तीन महिने झालेत. राहू दे ना."

"ती वाकलेली आहे, पोरी."

"असू दे. दिसते ना."

कारंजं मध्येच बंद पडायचं, तसं बंद पडलं. पाण्याचा आवाज थांबला. कठड्यापलीकडं लॉटरीवाले उभे होते, त्यांचंही बोलणं थांबलं. क्वी मोईनं युन चिनच्या हातावरच्या हिरव्या बांगडीकडं पाहिलं. सत्तेचाळीस वर्षं हे वाक्य तिच्या दातांमागं होतं. घाबरून नव्हे. घाबरायची तिची जात नव्हती. पण घरात जिला सगळे मान देतात तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं आसन काढायचं, तर ते कुठल्या दिवशी काढायचं, हे तिला ठरवता आलं नव्हतं.

"त्या दिवशी मी परात वाजवली नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पाण्याचा रंग बदलला ते मी पाहिलं होतं. चांगली शीर लागली होती. मी वाजवली नाही."

युन चिनच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. धुळीमुळं तो आधीच पांढरा होता.

"किती वेळ?"

क्वी मोईला मिनिटं कधी कळली नाहीत. "तीन पराती," ती म्हणाली. "तीन पराती धुवायला लागतो तेवढा."

दंडावरचा हात सुटला. युन चिननं संत्र्यांची पिशवी कठड्यावर ठेवली, नीट, कलंडू नये अशी, आणि ती चौक ओलांडून बसथांब्याकडं गेली. बाकावर बसली. हौदाकडं पाठ करून.

कुणी म्हणेल, म्हातारीनं तिच्या मागं जायला हवं होतं. पण क्वी मोईला जे काम येत होतं तेच तिनं केलं. ती पाण्यात उतरली.

पाणी गार नव्हतं. दिवसभर उन्हात तापलेलं, शेवाळाच्या वासाचं. गार होते ते फक्त तिचे पाय. ती स्वतःच्या पुतळ्याशेजारी जाऊन उभी राहिली, बत्तीस वर्षांच्या, फुगीर नाकाच्या. तिच्याकडं बघितलं नाही. परात उलटी केली, छातीशी धरली आणि मुठीनं तीनदा वाजवली.

लाकूड वाळलेलं होतं तरी आवाज तोच होता.

नगरपालिकेचा रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला. फूक चोयनं त्याला एका शब्दात गप्प केलं. मग त्यानं बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात कोंबले आणि हौदात उतरला. आपल्या आईपाशी गेला. परातीवर बोटांच्या पेरांनी मारलं तर काशाचा काहीच आवाज होईना. तेव्हा त्यानं किल्ल्यांचा जुडगा काढून एकदा वाजवला. खण्ण. आणि तसाच उभा राहिला, जुडगा हातात, गाल ओले.

एक, क्वी मोईनं मोजलं.

दुसरा होकार आला नाही.

नेम साफ होता. होकार पुरे होईपर्यंत मोठीनं पाणी सोडायचं नाही. तिनं परत तीनदा वाजवली. थांबली. परत. बाजारातून लोक जमले, भाजीवाल्या, शाळेतून सुटलेली पोरं, कोंबडीवाला. कुणी फोटो काढायला लागलं तसं कोंबडीवाल्यानंच त्याचा हात खाली केला. फूक चोय हळू आवाजात म्हणाला, मावशी, दमाल, मी वाजवू का न्युक फा मावशीच्या वतीनं? तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुन्हा आपल्या आईकडं वळला. बसथांब्यावर एक बस आली. ती गेली की बाक रिकामा दिसेल, असं क्वी मोईला वाटलं आणि तिची मूठ परातीवर नुसतीच पडली, आवाज झाला नाही. बस गेली. निळा गणवेश तिथंच होता.

त्या वेळी, बांध फुटल्यावर, तिनं अंधार पडेपर्यंत वाजवली होती. शेवटी बायांनी तिच्या हातातून परात काढून घेतली होती. आता काढून घेणारं कुणी उरलं नव्हतं. तिनं परत तीनदा वाजवली. मुठीची सालं निघाली होती.

युन चिन उठली.

ती रस्ता ओलांडून आली ती कुणाकडंही न बघता. तिनं बूट काढून कठड्याला लागून शेजारी शेजारी ठेवले. पाण्यात उतरली, क्वी मोईला वळसा घालून, आपला गणवेशसुद्धा घासणार नाही इतका लांबचा. आईसमोर उभी राहिली. वाकलेल्या चेहऱ्याशी चेहरा येईल इतकी वाकली. डोळ्यांवरचे लाल ठिपके पावसानं फिके झाले होते. तिनं ते अंगठ्यानं पुसले, आधी एक, मग दुसरा. काहीतरी बोलली. ते कुणाला ऐकू आलं नाही.

मग तिनं डावा हात उचलला आणि मनगट आईच्या परातीवर आपटलं. बांगडीचा आवाज झाला, बारीक, टणक, चौकभर ऐकू गेलेला. बांगडी दोन तुकडे होऊन पाण्यात पडली. युन चिननं वाकून ते उचलले नाहीत.

दोन, क्वी मोईनं मोजलं. मोठ्यानं मोजलं, तिलाही कळलं नाही.

लोकांत कुजबूज सुरू झाली. कोंबडीवाला शेजारच्याला म्हणत होता, तीन, एक, एक, पण चौथा आकडा कोणता धरायचा? शेजारचा म्हणाला की बांगडीचे तुकडे दोन. दोघंतिघं लॉटरीच्या दुकानाकडं सुटले. क्वी मोईला एरवी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुचला असता. आज तिला फक्त एवढंच कळत होतं की होकार पुरे झालेत, आता वर जायचं, आणि मोठी शेवटी.

फूक चोय आधी वर गेला. त्यानं हात पुढं केला, पण क्वी मोईनं मान हलवली. युन चिन अजून पाण्यात होती. युन चिन कठड्यावर चढली. तिनं बूट घातले नाहीत, हातात घेतले. संत्र्यांची पिशवी घेतली नाही. रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली, गणवेशाच्या पायांतून पाणी गळत.

आता क्वी मोई. कठडा उंच नव्हता. उतरताना नव्हता. तिनं एक गुडघा टेकवला, तो घसरला. परत टेकवला. एका हातात परात, दुसरा हात धरायला काही नाही. ती तशीच उभी राहिली. हाक मारायची सवय तिला होती, हुकूम सोडायचीही. या वेळी कुठल्या आवाजात काय म्हणायचं हे तिला येत नव्हतं.

युन चिननं मागं वळून पाहिलं नाही. पण तिचा डावा हात मागं आला, उघडा, बांगडी नसलेला, मनगटावर लाल वळ उठलेला.

टोळीत वर चढताना आधी परात द्यायची असते, मग आपण. क्वी मोईनं परात त्या हातात दिली. युन चिननं ती घेतली, वजन पाहिल्यासारखी एकदा तोलली, काखेत धरली. काही क्षण नुसतीच उभी राहिली.

मग हात पुन्हा मागं केला.